सातव्या झाडातल्या दोन टाचण्या

काचघरातल्या झाडांना हात लावायचा नाही, हा नियम ताईचा. दारावरची पाटी तिनेच रंगवली होती आणि खाली दोनदा रेघ ओढली होती. माळीकाका म्हणायचे, "ही पाटी वाचायच्या आधीच माणूस हात मागे बांधतो." ताईला सगळी प्रयोगशाळा ताईच म्हणायची, तिच्याहून वयाने मोठे असलेले सरसुद्धा. पण जिची ती खरोखर ताई होती, ती दीड वर्षापूर्वी निघून गेली होती.

ती म्हणजे धाकटी बहीण, भिंगरी. एका जागी बसणं माहीत नाही म्हणून वडिलांनी ठेवलेलं हे नाव, आणि तेच चिकटलं. आई गेली तेव्हा भिंगरी पहिलीत होती आणि ताई कॉलेजात. डबा, दप्तर, ताप, परीक्षा, सगळं ताईने निभावलं. कुठे म्हणून कमी पडू दिलं नाही. लाड करणं मात्र तिला जमलं नाही. काही माणसांचे हात मुळातच कामाचे असतात. ते कुणाच्या पाठीवरून फिरवायलाही असतात, हे त्यांच्या गावीच नसतं. ताई त्यातली. वेणी घालायला बसली की केस इतके ओढायची की भिंगरीच्या भुवया वर जायच्या. "शाळेत सगळ्या बाई विचारतात, एवढं आश्चर्य कसलं वाटतंय तुला?" असं भिंगरी म्हणायची, आणि ताई आणखी एक पेड घट्ट करायची.

मोठी होऊन भिंगरी शिकली तेही ताईचंच शास्त्र आणि नोकरीला लागली तीही ताईच्याच हाताखाली. दोघींचं काम लाकडाचं. म्हणजे सुतारकाम नव्हे. झाड आपल्या पोटात लाकूड कसं तयार करतं, ते शोधायचं. सालीच्या आत कागदासारखा पातळ, ओलसर थर असतो. तो आतल्या बाजूला पेशी टाकत जातो. प्रत्येक पेशी स्वतःभोवती भिंत बांधते: आधी सेल्युलोजचे धागे, मग धाग्यांच्या फटीत लिग्निन. सेल्युलोज म्हणजे सळया आणि लिग्निन म्हणजे सिमेंट, असं ताई नव्या पोरांना सांगायची. भिंत पुरी झाली की पेशी आतलं सगळं आवरते आणि मरून जाते. उरते ती रिकामी भिंत. झाड उभं राहतं आणि पाणी शेंड्यापर्यंत चढतं, ते या रिकाम्या भिंतींच्या जिवावर.

काचघरात मोठ्या कुंड्यांमधून पॉप्लरची झाडं लावली होती. त्यांच्यातल्या एका जनुकाचा आवाज ताईने बारीक केला होता. बंद नव्हे, बारीक. हे जनुक लिग्निन बनवायच्या कामातलं. लिग्निन कमी झालं तर कागदाचा लगदा करायला रसायनं कमी लागतात, असा हिशोब. पण सिमेंट कमी पडल्यावर भिंतीचं जे होतं तेच झाडांचंही झालं. सगळी आपली आजारातून उठल्यासारखी, काठीला टेकून उभी.

एकच झाड ताठ होतं. सातव्या नंबरचं. बुटकं, पण खोड जाड, मान वर. लिग्निन कमी ते कमीच, तरी गडी खंबीर. सर तर हरखूनच गेले. "ताई, हेच हवं होतं आपल्याला! याच्यात काय वेगळं झालंय ते शोधा." ताईच्या चेहऱ्यावर कधी नव्हे ते हसू आलं, आणि ते चार दिवस टिकलं, ही त्या इमारतीतली ऐतिहासिकच घटना.

पाचव्या दिवशी सकाळी ती नेहमीपेक्षा लवकर आली. काचघरात भिंगरी सातच्या पुढ्यात उभी होती. शेंडा मुठीत धरून झाडाला डावीकडे, उजवीकडे झुलवत होती आणि म्हणत होती, "काय राजे, झोप झाली का? आज ताईला गार करणार ना?"

रोज हलवलेलं झाड बुटकं आणि जाड होतं, हे झाडांत काम करणाऱ्या कुणालाही माहीत असतं. वारा काय आणि माणसाचा हात काय, खोडाला दोन्ही सारखेच. म्हणजे सातची करामत जनुकाची नव्हतीच. ती भिंगरीच्या लाडाची होती.

"वर्षभराच्या कामावर पाणी फिरवलंस," ताई म्हणाली. हळू आवाजात म्हणाली असती तर निभावलं असतं, पण तोवर माळीकाका पाइप घेऊन आले होते आणि मागे सरही.

"माझ्या लक्षातच आलं नाही गं," भिंगरी रडकुंडीला आली. "एकटंच इथे कोपऱ्यात होतं. जाता येता हात गेला. पुन्हा नाही लावणार. शप्पथ."

त्याच दिवशी ताईने सातच्या खोडात टाचणी टोचली. ही त्यांच्या कामातली रीत. बारीक टाचणी सालीतून त्या ओल्या थरापर्यंत घालायची आणि काढून घ्यायची. तिथे इवलासा डाग राहतो. पुढचं लाकूड त्या डागाच्या बाहेर साठत जातं. कधीही झाड कापून बघा, टाचणीच्या आतलं आधीचं आणि बाहेरचं नंतरचं. लाकडावर तारीख घालायची दुसरी सोय नाही. टोचताना ताई म्हणाली, "आता इथून पुढचं काय ते कळेल."

पुढे काही महिन्यांनी मापं घ्यायची वेळ आली. ताईने खोडाला जाडी मोजायचा कॅलिपर लावला. सात अजूनही बाकीच्यांपेक्षा जाडच. ताईच्या डोक्यात तिडीक गेली. आता, आधी जाड असलेलं खोड काही बारीक होत नाही; बघायचं असतं ते टाचणीनंतर किती वाढलं. हे ताई स्वतः पोरांना शिकवायची. पण रागाच्या भरात तिने एकूण जाडी पाहिली आणि वाढ पाहिलीच नाही. परक्या कुणाचं झाड असतं तर ही चूक तिच्या हातून कालत्रयी झाली नसती.

"तू अजून हात लावतेस," ती म्हणाली.

"नाही लावत गं ताई."

"माणूस खोटं बोलतो. झाड खोटं बोलत नाही."

त्यावर भिंगरी जे बोलली ते ताईचं काळीज आजवर कुरतडत होतं. "तुझं ना, त्या पेशीसारखं झालंय. भिंत बांधलीस घरासाठी, माझ्यासाठी. मजबूत बांधलीस. पण आत कुणी राहतच नाही आता."

महिन्याभरात भिंगरीने समुद्रापलीकडची नोकरी धरली. जायच्या दिवशी सामान दाराशी ठेवून ती काचघरात आली, ड्रॉवरमधून टाचणी काढली आणि सातच्या खोडात, ताईच्या टाचणीच्या अगदी शेजारी, टोचली. "ही माझी. तुझ्या आणि माझ्या टाचणीच्या मधे बघ, कापशील तेव्हा. तिथे माझा हात सापडला तर माझं तोंडही बघू नकोस. नाही सापडला तर..." टॅक्सीचा हॉर्न वाजला.

बघायचं तर कापायला हवं होतं. दोन बोटं जाडीच्या खोडातून नमुना काढायचा म्हणजे झाड संपवणंच. ताई म्हणाली, पुढच्या आठवड्यात कापू. मग म्हणाली, हा हंगाम जाऊ दे. सातचं नाव तिने प्रयोगातून काढून टाकलं, त्याची मापं थांबवली आणि कुंडी सरकवून दाराशी नेली. आता ते मोजदादीतलं झाड उरलं नव्हतं, मग कापायची घाई कसली? असं ती इतरांना सांगायची. खरं सांगायचं तर तिला दोन्ही बाजूंनी धास्ती होती. हात सापडला तर बहीण खोटारडी ठरणार. नाही सापडला तर ताईने पोटच्या पोरीसारखी वाढवलेली बहीण विनाकारण घालवली, असं ठरणार. आणि झाड उभं होतं तोवर भिंगरीच्या हातचं काहीतरी घरात, म्हणजे काचघरात, होतं.

फोन यायचे, वाढदिवसाला, आई-वडिलांच्या श्राद्धाला. "बरी आहेस ना?" "बरी आहे. तू?" "मीपण." प्रत्येक वेळी 'कधी येतेस?' हे ताईच्या ओठांवर यायचं, आणि प्रत्येक वेळी तोंडातून निघायचं, "हवा कशी आहे तिकडे?" भिंगरी हवा सांगायची. ताईला त्या परक्या शहराचं हवामान आता तोंडपाठ झालं होतं. रात्री जेवताना ती दोन ताटं काढायची आणि एक परत मांडणीत ठेवायची. ही सवय मोडायला हवी, असं रोज म्हणायची.

आणि मग परवान्याची मुदत संपली. जनुक बदललेली झाडं फुलोऱ्याच्या वयात यायच्या आत तोडायची आणि भट्टीत घालायची, म्हणजे त्यांचा पराग बाहेर जात नाही. यात ताईचं काही चालणार नव्हतं, हा नियम तिच्या पाटीपेक्षा मोठा होता. सर दारात येऊन चुळबुळत म्हणाले, "ताई, सातचं मी करू का?"

"माझं मी करते," ती म्हणाली.

सकाळच्या उन्हात तिने करवत धरली. लाकूड मऊ होतं, फार वेळ लागला नाही. शेंडा खाली आला तेव्हा माळीकाकांनी तो अलगद झेलला आणि भट्टीकडे नेला. ताईने टाचण्यांच्या जागी खोडाची चकती कापली. दाराकडच्या बाजूला पेन्सिलची खूण केली, कारण कुठली बाजू कुठे होती हे नंतर कुणालाच आठवत नाही. चकतीचा पातळ काप काढला आणि रंगात सोडला.

रंग दोन असतात. तांबडा लिग्निनला धरतो, निळा सेल्युलोजला. वाकवलेल्या झाडाचं लाकूड इथे लपत नाही. ज्या बाजूला ताण बसतो तिथल्या पेशी आतून एक जादा अस्तर लावतात, जवळजवळ नुसत्या सेल्युलोजचं, आणि ते निळंशार उठतं.

ताईने डोळा सूक्ष्मदर्शकाला लावला. आधी गाभा. गाभ्याभोवती दोन्ही बाजूंना निळ्या चंद्रकोरी, डावीकडे आणि उजवीकडे. ही झुलवणारी भिंगरी. मग तपकिरी डाग, ताईची टाचणी. ताईने काचपट्टी सरकवली.

टाचणीच्या बाहेर निळं काही नव्हतं. फिकट गुलाबी पेशी, शहाण्यासारख्या एकीला एक लागून. ती सावकाश सगळं वर्तुळ फिरली. एका ठिकाणी निळं दिसलं, पण ती काचेवरची धूळ निघाली. दुसऱ्या डागापर्यंत, भिंगरीच्या टाचणीपर्यंत, कुणी त्या झाडाला बोटही लावलेलं नव्हतं.

ताई खुर्चीत मागे टेकली. पोरगी खरं बोलत होती. शपथ घेऊन सांगत होती आणि ताईने ऐकून घेतलं नव्हतं. रडू येईल असं तिला वाटलं, पण आलं नाही. शेवटी, काम अर्धवट सोडायची सवय नव्हती म्हणून, उरलेला काप पाहायला ती पुन्हा वाकली.

दुसऱ्या टाचणीच्या बाहेर सगळं निळं होतं.

कोर नव्हे, पट्टाच. जाड, दाट, थेट सालीपर्यंत. भिंगरीच्या निळ्याच्या तिप्पट. आणि एकाच बाजूला: पेन्सिलच्या खुणेच्या बरोब्बर समोर, दारापासून लांबच्या अंगाला. म्हणजे दारात उभं राहून कुणीतरी हे झाड दिवसेंदिवस स्वतःकडे ओढलं होतं.

ताईचा पारा चढला. माझी पाटी दारावर आणि दारातच ही थेरं? कोण असेल? सर एरवी काचघरात फिरकत नाहीत. माळीकाका मागच्या दाराने येतात, तिथेच नळ आहे. नवी पोरं तिच्या परवानगीशिवाय आत येत नाहीत. कुणाला तरी आज धारेवर धरायचं, अशा बेताने ती तरातरा काचघरात गेली. रिकाम्या कुंड्या बघितल्या, माळीकाकांना दोन प्रश्न विचारले, त्यांना काही माहीत नव्हतं. ती परत दाराशी आली. काचघरातले रबरी बूट तिथेच काढून ठेवायचे असतात. तिने एक पाय उचलला, उजव्या हाताने बूट धरला आणि डावा हात आधारासाठी बाजूला गेला.

तिथे काही नव्हतं. हात हवेत मिटला, तोल गेला आणि ताई धाडकन चौकटीवर आपटली.

"अहो ताई! लागलं का?" माळीकाका धावले. "बाक आहे की तिथे, बसून काढा ना बूट."

बाक होताच. पहिल्यापासून होता. सगळे त्याच्यावर बसूनच बूट काढायचे, तीही काढायची, सातची कुंडी दाराशी आणेपर्यंत.

ताई बाकावर बसली, एका पायात बूट तसाच. आता सगळं आठवायला लागलं, आणि इतके दिवस ते आठवलं कसं नाही याचंच नवल. सकाळी येताना धरायचं, संध्याकाळी जाताना धरायचं. बूट निघाल्यावरही हात तिथेच राहायचा. शेंडा जवळ ओढला की पानं गालाला लागायची. आणि ती काहीतरी पुटपुटायची. काय बरं पुटपुटायची? "काय गं, जेवलीस का?" झाडाला काय गं म्हणणारी बाई ती, आणि धारेवर धरायला निघाली होती जगाला.

चकतीचा फोटो तिने तिथूनच पाठवला. खाली काय लिहावं ते सुचेना, म्हणून काहीच लिहिलं नाही.

भिंगरीचा फोन लगेच आला. "सात ना हे? कापलंस शेवटी."

"कापावंच लागलं. मुदत संपली."

पलीकडे ती फोटो मोठा करून बघत असणार. मग तिचा आवाज आला. "मधे काही नाहीये, ताई."

"काही नाही. तू खरं बोलत होतीस. मी एकूण जाडी बघितली, वाढ बघितलीच नाही. चुकलं गं माझं. फार चुकलं."

भिंगरी काही नुसती धाकटी बहीण नव्हती, लाकूड वाचणारी होती. तिने विचारलंच. "आणि हा बाहेरचा पट्टा कसला? मी तर तिथे नव्हते. एवढं कुणी ओढलं याला?"

"मी."

"तू?"

"बूट काढताना. धरायला काही लागतं ना."

"बाक आहे तिथे."

"आहे."

"रोज?"

"रोज. येता जाता."

पलीकडे भिंगरी रडत होती, किंवा हसत असेल, तिचं दोन्ही सारखंच ऐकू यायचं. "दीड वर्ष, ताई! दीड वर्ष तू मला हवा कशी आहे विचारतेस. एकदा तरी बोलायचंस ना!"

"मलाच आज कळलं गं," ताई म्हणाली.

आणि मग, चौकटीला घट्ट धरून, तिने विचारलं, "कधी येतेस?"

भिंगरीने नाक पुसल्याचा आवाज आला. "येते. सुट्टी मिळेल तशी येते. केस वाढवलेत मी, कमरेपर्यंत आलेत. वेणी घालून देशील?"

"देईन की."

"घट्ट ओढणार नाहीस?"

ताईने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. "नाही ओढणार," ती म्हणाली.